गुप्तवार्तेचा इतिहासकार : सर हॅरी हिन्स्ली

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर आलेले इतिहासविषयक लेख बहुधा आपल्या ज्ञातीतील कर्त्या पुरुषांविषयी, कुलदैवतांविषयी अथवा मराठेशाहीतील प्रसंगांविषयी आहेत, आणि ते तसे असणे योग्यच होय. यंदा संपादक मंडळींच्या अनुमतीने मी थोडी दूरची वाट धरली आहे. ज्या गृहस्थांची हकीकत येथे सांगावयाची आहे ते इंग्रज होते. आपल्या ज्ञातीशी त्यांचा संबंध येण्याचे कारणच नव्हते. असे असता त्यांच्याविषयी का लिहावे, याला दोन कारणे आहेत.

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्या घरोघर एकच चर्चा चालते. मुलगा विज्ञान शाखेला गेला तर पेढे वाटतात, आणि त्याने 'मी इतिहास घेतो' असे म्हटले की वडील कपाळाला हात लावतात. सनावळ्या पाठ करून पोट भरते काय, हा प्रश्न वर्गात आणि वर्गाबाहेर मी इतक्यांदा ऐकला आहे की, त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे मनात होते. हे झाले एक कारण. दुसरे असे की, हेरखात्याविषयी आपल्या मनात कुतूहल पुष्कळ आणि ज्ञान थोडे असते. शिवछत्रपतींचे हेर म्हणून बहिर्जी नाईकांचे नाव मुलाबाळांना ठाऊक आहे. सुरतेवरील १६६४ च्या स्वारीपूर्वी त्यांनी वेषांतर करून केलेल्या टेहळणीच्या कथा आपण आवडीने सांगतो. परंतु त्यांचे जन्मसाल काय, त्यांच्या हाताखाली माणसे किती, त्यांनी आणलेल्या बातमीची छाननी दरबारात कोण करीत असे, हे विचारू गेल्यास समकालीन कागद जवळजवळ मुके आहेत. गुप्त काम करणाऱ्यांचा इतिहास हा असा असतो. जे उत्तम काम करतात त्यांचा मागमूस राहत नाही. मग त्यांचा इतिहास लिहावा कोणी, आणि कशाच्या आधारे? हिन्स्ली यांची योग्यता अशी की, तरुणपणी त्यांनी ते काम स्वतः केले, पुढे तीस वर्षे त्याविषयी तोंड मिटून ठेवले, आणि उतारवयात त्याचाच इतिहास लिहिला.

फ्रान्सिस हॅरी हिन्स्ली यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९१८ रोजी इंग्लंडच्या मध्यभागातील वॉल्सॉल या कारखानदारी गावात झाला. वडील तेथील सहकारी भांडाराच्या कोळसा विभागात घोडागाडी हाकीत. घरची स्थिती अर्थातच बेताची. सहकारी भांडार म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. आपल्यापैकी पुष्कळांच्या वडिलांनी अशाच दुकानात तराजू धरला आहे अथवा पोती वाहिली आहेत. मुलगा हुशार निघाला. गावच्या क्वीन मेरी ग्रामर स्कूलमध्ये शिकून १९३७ साली शिष्यवृत्तीच्या बळावर तो केंब्रिज विद्यापीठाच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात इतिहास शिकण्यास गेला. ज्या काळी केंब्रिज म्हणजे जमीनदारांच्या आणि सरदारांच्या मुलांचे माहेरघर होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. १९३९ मध्ये इतिहासाच्या पहिल्या परीक्षेत त्याला प्रथम वर्ग मिळाला.

त्या उन्हाळ्यात तो जर्मनीत गेला होता. ऑगस्टचा महिना, युद्धाचे ढग दाटलेले, आणि हा वीस वर्षांचा विद्यार्थी शत्रूच्या मुलखात भाषेचा सराव करीत फिरत होता! युद्ध सुरू होण्यास थोडे दिवस उरले असता तो तेथून कसाबसा बाहेर पडला. ऑक्टोबरमध्ये महाविद्यालयातच त्याची एक लहानशी मुलाखत झाली. मुलाखत घेणारे कमांडर डेनिस्टन हे ब्रिटनच्या सांकेतिक संदेश खात्याचे प्रमुख होते. काम कोणते हे त्यांनी सांगितले नाही. सरकारी नोकरी आवडेल काय, एवढाच प्रश्नाचा रोख. हॅरीने होकार दिला आणि लंडनच्या वायव्येस असलेल्या ब्लेचली पार्क नामक एका वाड्यावर तो रुजू झाला. पदवीचा अभ्यास तेथेच थांबला.

ब्लेचली पार्कचे नाव आज जगभर झाले आहे. जर्मन सैन्य 'एनिग्मा' नावाच्या यंत्रातून आपले संदेश सांकेतिक करून बिनतारी यंत्रावरून पाठवीत असे, आणि ते संदेश उलगडण्याचे काम या वाड्याच्या आवारात, लाकडी बराकींमध्ये चाले. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्यासारखे गणिती तेथे होते, हेही आता सर्वश्रुत आहे. परंतु तेथे इतिहासाचे, प्राचीन भाषांचे आणि वाङ्मयाचे अभ्यासकही पुष्कळ होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. हॅरी ज्या आरमारी विभागात गेला त्याचे प्रमुख फ्रँक बर्च हे स्वतः इतिहासाचे अध्यापक होते, आणि गंमत म्हणजे रंगभूमीवरील नटही होते. संदेश उलगडणे हे गणित्याचे काम खरे. परंतु उलगडलेल्या शंभर तुकड्यांतून अर्थ काढणे, कोणता तुकडा विश्वसनीय, कोणता फसवा, पूर्वीच्या कोणत्या तुकड्याशी त्याचे नाते, हे ठरविणे म्हणजे इतिहासकाराचेच काम होय. मोडी कागदांची दप्तरे चाळणाऱ्याला हे निराळे सांगावे लागणार नाही.

त्यातही हॅरीची अडचण विलक्षण होती. १९४० च्या आरंभी जर्मन आरमाराचे एनिग्मा संदेश इंग्रजांना वाचता येत नव्हते. हातात येई ती केवळ टिपणे : अमुक वेळी, अमुक कंपनांकावर, अमुक खुणेच्या केंद्राने तमुक केंद्राला संदेश पाठविला, संदेशाची लांबी इतकी, दिशा सुमारे अशी. आत काय लिहिले आहे ते अंधारात. आता यातून काय समजणार, असे कोणीही म्हणेल. परंतु खेड्यातील जुना पोस्टमन आठवून पाहावा. तो कोणाचे पत्र फोडीत नसे. तथापि कोणाच्या दारी कोणत्या गावचे शिक्के वरचेवर येऊ लागले, कोणाचे पाकीट जाड झाले, कोणाचा पत्रव्यवहार एकाएकी बंद पडला, यावरून कोणाचे लग्न जुळत आहे आणि कोणाचा जमिनीचा तंटा पेटला आहे, हे त्याला चावडीच्या आधी कळे. हॅरी हा जर्मन आरमाराचा असा पोस्टमन झाला. महिनोन् महिने तीच टिपणे वाचून नित्याची रहदारी कशी असते हे त्याच्या अंगवळणी पडले. आणि नित्य कळले की अनित्य आपोआप डोळ्यांत भरते.

मे महिन्याच्या अखेरीस त्याला असे अनित्य काही दिसू लागले. बाल्टिक समुद्राकडील जर्मन बिनतारी रहदारीत जी हालचाल होती तिच्यावरून जर्मनीची मोठी जहाजे उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या बाजूस, निघण्याच्या बेतात आहेत, असा त्याने तर्क केला. लंडनमध्ये आरमार खात्याच्या वार्ता केंद्राशी बोलण्यासाठी त्याच्यापाशी एक दूरध्वनी होता. त्याने कळविले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा कळविले. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले, परंतु समुद्रावरील जहाजांना सावध करण्याइतके महत्त्व त्या तर्काला दिले नाही.

८ जून १९४० रोजी 'ग्लोरियस' हे ब्रिटिश विमानवाहू जहाज नॉर्वेहून परतत होते. बरोबर 'अकास्टा' आणि 'आर्डंट' या दोनच विनाशिका होत्या. आकाशात टेहळणीसाठी एकही विमान ठेवलेले नव्हते. 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाऊ' या दोन जर्मन युद्धनौकांनी त्यांना गाठले. दोन्ही विनाशिकांनी धुराचे पडदे सोडीत आपल्याहून कितीतरी मोठ्या शत्रूवर चाल केली. 'अकास्टा'च्या एका पाणतीराने 'शार्नहोर्स्ट'ला जबर दुखापतही केली. परंतु तिन्ही ब्रिटिश जहाजे बुडाली. पंधराशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. कित्येक जण बोटीत नि तराफ्यांवर थंडीने गारठून गेले. वाचले ते चाळीसच्या आसपास.

येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. अधिकाऱ्यांना मूर्ख ठरविणे फार सोपे आहे, आणि इतिहास शिकविताना हा मोह आम्हां शिक्षकांनाही होतो. त्यांच्या बाजूने पाहू गेल्यास काय दिसते? दूरध्वनीवर बोलणारा एकवीस वर्षांचा मुलगा. त्याने उभ्या जन्मात युद्धनौकेवर पाऊल ठेवलेले नाही. त्याच्याजवळ ना शत्रूचा उलगडलेला संदेश, ना विमानातून घेतलेले छायाचित्र; आहे तो केवळ एक नव्या पद्धतीचा तर्क. अशा तर्कावर सबंध आरमार हलवावे, हे अनुभवी दर्यावर्दीला पटणे कठीण होते. परंतु आरमार हलविणे ही एक गोष्ट आणि 'सावध असा' एवढा निरोप पाठविणे ही दुसरी. तो निरोप पाठविण्यास काही खर्च नव्हता. माझ्या मते खरी अडचण पुराव्याची नसून दर्जाची होती. सांगणारा कोण आहे यावरून सांगण्याचे मोल ठरले. आपल्या घरांतही धाकट्या सुनेने अथवा शिकणाऱ्या मुलाने सांगितलेले थोरल्यांच्या कानांपर्यंत किती पोचते, हे ज्याचे त्याने पाहावे.

या आपत्तीनंतर आरमार खात्याचे डोळे उघडले. हॅरीला लंडनला बोलावून घेण्यात आले. स्कापा फ्लो येथील आरमारी तळावर पाठवून दर्यावर्दी लोकांची त्याच्याशी आणि त्याची त्यांच्याशी ओळख करून देण्यात आली. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक, परंतु पुढच्या यशाचे मूळ तिच्यात आहे. बातमी काढणारा आणि बातमी वापरणारा यांनी एका मेजावर बसून चहा घेतलेला असला म्हणजे दूरध्वनीवरील आवाजाला चेहरा मिळतो.

पुढल्या वर्षी त्याची प्रचीती आली. मे १९४१ मध्ये 'बिस्मार्क' ही प्रचंड जर्मन युद्धनौका अटलांटिक महासागरात शिरली, आणि २४ मे रोजी तिने ब्रिटिश आरमाराचा मानबिंदू समजले जाणारे 'हूड' हे जहाज बुडविले. चौदाशेहून अधिक खलाशांपैकी तिघेच वाचले. दुसऱ्या दिवशी 'बिस्मार्क' पाठलाग करणाऱ्यांच्या दृष्टीआड झाली. ती जर्मनीकडे वळली की फ्रान्सकडे? हॅरीच्या ध्यानात आले की, तिला बिनतारी आज्ञा देणारे केंद्र आता विल्हेल्म्सहाफेन राहिले नसून पॅरिस झाले आहे. यावरून ती फ्रान्सच्या किनाऱ्याकडे निघाली असली पाहिजे, असे त्याने कळविले. आरमार खात्याने प्रथम थोडे आढेवेढे घेतले, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत इतरही पुरावे मिळून हाच निष्कर्ष मान्य झाला. २७ मे रोजी 'बिस्मार्क' समुद्रतळाशी गेली.

त्याहूनही बुद्धीची करामत दिसते ती हवामान-नौकांच्या प्रकरणात. जर्मनांच्या पाणबुड्या इंग्लंडला धान्य, तेल आणि दारूगोळा पुरविणारी जहाजे एकामागून एक बुडवीत होत्या. त्यांचे संदेश वाचावयाचे तर एनिग्मा यंत्राच्या दररोजच्या मांडणीचे तक्ते हाती यावयास हवे होते. ते मिळवावे कोठून? पाणबुडी अथवा युद्धनौका पकडणे म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणे. जुन्या टिपणांचा अभ्यास करता करता हॅरीला असे आढळले की, आइसलंडच्या उत्तरेकडील ओसाड समुद्रात हवामानाची माहिती कळविण्यासाठी जर्मनांनी मासेमारीच्या लहान जहाजांची नेमणूक केली आहे, आणि ती जहाजेही एनिग्मा यंत्र वापरतात. ती बहुधा एकटीदुकटी असत, संरक्षण नाममात्र. त्याने पुढचा विचार केला तो असा. शत्रू चालून आला की खलाशी यंत्र आणि चालू महिन्याचे तक्ते समुद्रात फेकतील, हे उघड आहे. पण हे जहाज दोन महिने समुद्रात राहणार. म्हणजे पुढल्या महिन्याचे तक्तेही त्याच्याजवळ असणारच, आणि ते कप्तानाच्या तिजोरीत कुलूपबंद असणार. घाईगर्दीत ते फेकण्याचे भान कोणाला राहील?

या वेळी आरमार खात्याने त्याचे म्हणणे ऐकले. ७ मे १९४१ रोजी 'म्युन्शेन' हे हवामान-जहाज पकडण्यात आले आणि जून महिन्याचे तक्ते मिळाले. लागोपाठ दुसरे जहाज पकडल्यास शत्रूला संशय येता, म्हणून मध्ये अवकाश ठेवून २८ जून रोजी 'लाउएनबुर्ग' पकडले आणि जुलैचे तक्ते हाती आले. जर्मनांना वाटले, आपली मासेमारी जहाजे बुडाली. त्या दोन महिन्यांत जर्मन आरमाराचे संदेश जवळजवळ ताजेच्या ताजे वाचता येऊ लागले, आणि पाणबुड्या जेथे टपून बसत तेथून व्यापारी जहाजांचे तांडे दूर नेता येऊ लागले. एका वर्षापूर्वी ज्याचा निरोप पुढे गेला नव्हता, त्याच मुलाच्या युक्तीवर आता युद्धनौका निघत होत्या. मुलगा तोच, बुद्धी तीच. पलीकडचे कान बदलले होते.

पुढेही चढउतार आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मनांनी अटलांटिकमधील पाणबुड्यांच्या एनिग्मा यंत्रात चौथे चक्र घातले आणि सुमारे दहा महिने ब्लेचलीत अंधार पसरला. त्यानंतर पुन्हा वाट सापडली, तीही एका बुडत्या जर्मन पाणबुडीतून कागद वर काढताना दोघा ब्रिटिश नाविकांनी प्राण दिले म्हणून. तो सारा तपशील येथे देत बसत नाही. युद्धाच्या अखेरीस ब्लेचलीत सुमारे नऊ हजार माणसे काम करीत होती आणि त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या, एवढे सांगितले पाहिजे. त्यांच्यापैकीच हिलरी ब्रेट-स्मिथ या विदुषीशी हिन्स्ली यांचा १९४६ मध्ये विवाह झाला.

युद्ध संपले आणि सर्वांना बजावण्यात आले की, येथे काय चालले होते याविषयी एक अक्षर बाहेर जाता कामा नये. आजच्या काळात, जेव्हा मनुष्य दुपारी काय जेवला हे संध्याकाळपर्यंत शंभर जणांना ठाऊक होते, त्या आज्ञेचे पालन कसे झाले याचे आश्चर्य वाटते. पण झाले. कित्येकांचे आईबाप, आपल्या मुलीने युद्धात काय केले हे न समजताच वारले. हिन्स्ली केंब्रिजला परतले आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास शिकवू लागले. १९५१ मध्ये त्यांनी हिटलरच्या युद्धनीतीवर पुस्तक लिहिले, तेही जर्मन आरमाराच्या हस्तगत झालेल्या कागदपत्रांच्या आधारे. त्यांची अवस्था कल्पनेत आणून पाहावी. ज्या आरमाराचे संदेश आपण दिवसरात्र ऐकले, त्याच्याविषयी लिहावयाचे आणि ऐकल्याचा मात्र सुगावा लागू द्यावयाचा नाही! इतिहासकाराचा धर्म सत्य सांगण्याचा, आणि राष्ट्राला दिलेला शब्द गप्प बसण्याचा. त्यांनी असत्य लिहिले नाही. जेवढे सांगण्याची मुभा होती तेवढेच सांगितले. १९६३ मध्ये राष्ट्राराष्ट्रांतील शांततेच्या प्रयत्नांवर त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि १९६९ मध्ये ते प्राध्यापक झाले. एवढ्या काळात त्यांच्यापुढे बसलेल्या विद्यार्थ्यांना आपले गुरुजी कोण आहेत याची कल्पना नव्हती.

१९७४ मध्ये विंटरबॉटम नावाच्या माजी अधिकाऱ्याने एनिग्माचे गुपित पुस्तकरूपाने जगापुढे आणले. ते बव्हंशी आठवणीवरून लिहिलेले असल्याने त्यात चुकाही बऱ्याच होत्या. ब्रिटिश सरकारने याआधीच गुप्तवार्तेचा अधिकृत इतिहास लिहविण्याचे ठरवून ते काम हिन्स्ली आणि त्यांचे सहकारी यांच्यावर सोपविले होते. पहिला खंड १९७९ मध्ये निघाला, अखेरचे दोन १९९० मध्ये. त्यांपैकी शत्रूची दिशाभूल करण्याच्या युक्त्यांवरचा खंड मायकेल हॉवर्ड यांनी लिहिला होता. तो तयार असूनही सरकारने सुमारे दहा वर्षे अडवून धरला. सरकारी इतिहासाचे हे भोग असतात.

या खंडांचा एक नियम असा की, काम करणाऱ्या व्यक्तींची नावे सहसा द्यावयाची नाहीत. खाती, विभाग, समित्या यांचाच उल्लेख. त्यामुळे हा समितीने, समितीविषयी, समितीसाठी लिहिलेला ग्रंथ आहे, अशी थट्टाही झाली. 'ग्लोरियस'चा प्रसंग पहिल्या खंडात आला आहे. आरमारी विभागाने सूचना दिली होती आणि ती मानली गेली नाही, एवढे तेथे कळते. दूरध्वनी करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव नाही. ग्रंथकर्ता तोच असूनही नाही. या निःस्पृहतेपुढे मस्तक नमते. तथापि माझे मत विचाराल तर मला हा नियम पटत नाही. ग्रंथकर्त्याने स्वतःचे नाव गाळावे हा विनय झाला. परंतु रात्रपाळी करून डोळे अधू करून घेतलेल्या हजारो मुलींची नि कारकुनांची नावे गाळणे म्हणजे विनय नव्हे. आपली ही लहानशी स्मरणिका घ्या. विद्यार्थी साहाय्य निधीस अकरा रुपये देणाऱ्याचेही नाव आपण मागील पानांत छापतो, आणि ते चुकले तर पुढल्या वर्षी शुद्धिपत्र देतो. पुढे १९९३ मध्ये हिन्स्ली यांनी अ‍ॅलन स्ट्रिप यांच्यासह एक पुस्तक संपादित केले, त्यात ब्लेचलीतील जुन्या मंडळींनी आपापल्या नावानिशी आठवणी लिहिल्या, त्यामुळे ही उणीव पुष्कळशी भरून निघाली. हे स्ट्रिप युद्धकाळात आपल्या दिल्लीला होते. तेथे आनंद पर्वतावरील केंद्रात जपानी संदेश उलगडण्याचे काम चाले, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

अधिकृत इतिहासाने काही भ्रम दूर केले. कॉव्हेंट्री शहरावर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री भयंकर बॉम्बहल्ला होऊन पाचशेहून अधिक माणसे मेली. चर्चिल यांना हा हल्ला आधी कळला होता, परंतु एनिग्माचे गुपित फुटू नये म्हणून त्यांनी शहराचा बळी दिला, अशी हकीकत विंटरबॉटम यांनी सांगितली आणि ती नाटकी असल्याने लोकांना आवडली. हिन्स्ली यांनी त्या दिवसांचे कागद एकेक करून तपासले आणि दाखविले की, हल्ला होणार हे कळले होते, परंतु तो कॉव्हेंट्रीवरच आहे हे चर्चिलना वेळेवर कळले नव्हते. तरीही ती दंतकथा अद्याप ऐकू येते. एनिग्मामुळेच युद्ध जिंकले, असे म्हणणाऱ्यांनाही त्यांनी आवरले. त्यांच्या मते त्यामुळे युद्ध निदान दोन वर्षांनी, कदाचित चार वर्षांनीही लवकर संपले. जिंकले ते सैनिकांनी, कारखान्यांनी आणि मित्रराष्ट्रांच्या एकजुटीने. स्वतःच्या कामाचे मोल स्वतः ठरवावयाचे असता इतका संयम ठेवणे सोपे नाही.

मानसन्मान उशिरा पण भरपूर आले. घोडागाडी हाकणाऱ्याचा मुलगा १९७९ मध्ये आपल्याच महाविद्यालयाचा प्रमुख झाला, १९८१ ते १९८३ केंब्रिज विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि १९८५ मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. १६ फेब्रुवारी १९९८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या कार्यातील एका डागाविषयी लिहिले नाही तर ही हकीकत अपुरी राहील. एनिग्मा यंत्राचे रहस्य प्रथम भेदले ते इंग्रजांनी नव्हे, पोलंडच्या तीन तरुण गणित्यांनी : मारियान रेयेव्स्की, हेन्रिक झिगाल्स्की आणि येर्झी रुझित्स्की. रेयेव्स्की यांनी डिसेंबर १९३२ मध्येच यंत्राच्या आतील तारांची जोडणी केवळ गणिताने आणि काही चोरट्या कागदांच्या साहाय्याने शोधून काढली होती. युद्धाच्या तोंडावर, जुलै १९३९ मध्ये, वॉर्सानजीक पोलिशांनी ही सर्व विद्या आणि यंत्राची प्रतिकृती इंग्रज आणि फ्रेंच यांच्या हवाली केली. पुढे पोलंड बुडाले. रेयेव्स्की युद्धानंतर मायदेशी परतले आणि एका साध्या कारकुनाप्रमाणे हिशेबाच्या वह्या लिहून त्यांनी दिवस काढले.

हिन्स्ली यांच्या १९७९ च्या पहिल्या खंडात या पोलिश कार्याची जी हकीकत परिशिष्टात आली, ती अपुरी होती आणि ठिकठिकाणी चुकलेलीही होती. ज्याने नावाची अपेक्षा न ठेवता स्वतः काम केले, त्याच्याच ग्रंथात दुसऱ्या अशाच माणसांवर अन्याय व्हावा, हे खेदाचे होय. सरकारी कागदांत जे होते ते त्यांनी घेतले. जे पोलंडमध्ये होते, माणसांच्या आठवणीत होते, ते सुटले. वृद्ध रेयेव्स्की यांनी ते परिशिष्ट वाचले आणि त्यावर मुद्देसूद आक्षेप लिहून काढले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते वारले आणि त्यांचे आक्षेप त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. हिन्स्ली यांनी त्यावर वाद घातला नाही. १९८८ मध्ये तिसऱ्या खंडाचा दुसरा भाग निघाला, त्यात त्यांनी पोलिश, फ्रेंच आणि ब्रिटिश यांच्या कामगिरीचे सुधारलेले परिशिष्ट नव्याने लिहून घातले आणि पहिल्याची जागा त्याने घ्यावी असे ठरविले. कुलगुरुपद भोगलेल्या, 'सर' झालेल्या मनुष्याने आपल्याच ग्रंथातील प्रकरण रद्द करून पुन्हा लिहावे, याची उदाहरणे फार नाहीत. मात्र त्याला नऊ वर्षे लागली. रुझित्स्की १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून गेले होते, झिगाल्स्की १९७८ मध्ये, रेयेव्स्की १९८० मध्ये. ते सुधारलेले परिशिष्ट छापून आले तेव्हा ते वाचावयास तिघांपैकी एकही हयात नव्हता.